बाबा गावाला गेले नव्हते

जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात एक आत्या वर्गाच्या दाराशी आली. भाचा माझ्या दुसरीच्या वर्गात. त्याची आई मे महिन्यात वारली. आत्याने मला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "बाई, त्याला काही माहीत नाही हां. आई गावाला गेलीय असं सांगितलंय. वर्गात कोणी काही बोलणार नाही तेवढं बघा."

परळ-लालबागात मी चोवीस वर्षं शिकवतेय. ही विनंती किती वेळा ऐकली ते मोजलं नाही, पण शब्द ठरलेले असतात. गावाला गेले. देवबाप्पाकडे गेली. तारा झाली. दवाखान्यात आहेत, बरे झाले की येतील. हे शेवटचं तर मी तेरावं उरकल्यावरही ऐकलंय. मोठी माणसं लहान मुलांशी मरणाबद्दल खोटं बोलतात आणि त्या खोट्याला माया म्हणतात. मी त्याला भित्रेपणा म्हणते. अवघड वाक्य आपल्या तोंडून काढावं लागू नये म्हणून आपण ते पोराच्या अंगावर ढकलतो आणि वर त्याच्यावर उपकार केल्यासारखे वागतो. हे मला पुस्तकांनी शिकवलं नाही. पुस्तकं फार नंतर हाती आली.

१९८३ साली मी पाच वर्षांची होते. लालबागची चाळ, तिसरा माळा, एक खोली, एक मोरी. बाबा गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि वर्ष उलटलं तरी भोंगा वाजेना. मुंबईत बसून खायचं काय, म्हणून चाळीतले कितीतरी पुरुष गाव गाठून बसले. "बाबा गावाला गेलेत" हे वाक्य आमच्या गॅलरीत दर दुसऱ्या दारातून ऐकू यायचं, आणि ते खरं असायचं. शेजारच्या मुलांचे बाबा खरोखरच गावाला होते. अधूनमधून तांदळाची गोणी खांद्यावर टाकून ते जिना चढून यायचे.

माझे बाबा इस्पितळात होते. मला वर सोडलं नाही. लहान मुलांना आत घेत नाहीत असं दारावरच्या माणसाने आईला सांगितलं, आणि मी काकूबरोबर खाली बाकड्यावर बसून खिडक्या मोजल्या. कुठल्या खिडकीत बाबा आहेत हे काकूलाही माहीत नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मला दोन खोल्या सोडून पलीकडच्या मावशींकडे नेऊन बसवलं, हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि दार लोटून घेतलं. दाराच्या फटीतून चपला दिसत होत्या, आमच्या खोलीपासून जिन्यापर्यंत. संध्याकाळी घरी आणलं तेव्हा आईच्या गळ्यात काळी पोत नव्हती. "तुटली, सोनाराकडे टाकलीय." कपाळ मोकळं होतं. त्याबद्दल मी विचारलंच नाही. मी काही विचारलं की बायका रडायला लागतात हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. बाबा कुठायत, एवढं मात्र विचारलं. काका म्हणाले, "गावाला गेलेत."

मे महिन्यात आम्ही गावाला गेलो. संगमेश्वर तालुका, परळ डेपोतून रात्रीची यस्टी. मी रात्रभर झोपले नाही. घरी पोचल्याबरोबर ओटी, पडवी, माजघर, न्हाणी, गोठा, सगळं फिरून आले. आजी चुलीपुढे होती. तिला विचारलं, "आजी, बाबा कुठायत?" मला मुंबईत काय सांगून ठेवलंय हे तिला कोणी कळवलं नव्हतं. तिने पदर तोंडाशी धरला आणि म्हणाली, "मुंबैला गेलाय गो."

मुंबईत ते गावाला होते आणि गावात ते मुंबईला होते. पाच वर्षांच्या डोक्यात याचा एकच अर्थ लागतो. तो मी लावला. बाबा वाटेत आहेत. जूनमध्ये परतताना दिवसाची गाडी होती, मी खिडकी सोडली नाही. कशेडी घाटात समोरून येणारी गाडी वळणावर हळू होते, तेवढ्यात तिच्या खिडक्या बघून होतात. मी घाटातल्या सगळ्या गाड्यांच्या बघितल्या.

मारिया नॉज या हंगेरीतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांशी मरणाबद्दल बोलून आपला अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं : पाचाच्या आतली मुलं मरण म्हणजे जाणं समजतात. माणूस इथून उठला, दुसरीकडे आहे, तिथे जेवतो-झोपतो, कधीतरी येईल. पुढच्या वयाबद्दल त्यांनी जे मांडलं ते इतर देशांत तसंच्या तसं आढळलं नाही, पण ही पहिली गोष्ट टिकली. आता आपलं लाडकं वाक्य तिच्या शेजारी ठेवून बघा. मुलाची जी चूक वयाबरोबर आपोआप गळून पडायची असते, नेमकी तीच आपण घरातल्या थोरामोठ्यांच्या तोंडून त्याला खरी म्हणून शिकवतो. १९८४ मध्ये स्पीस आणि ब्रेंट या अभ्यासकांनी तोवरचं संशोधन एकत्र वाचलं. मेलेलं परत येत नाही, मेलेल्याचं शरीर काही करत नाही, आणि हे सगळ्यांनाच आहे, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सातच्या दरम्यान उमगतात असं त्यांनी लिहिलं. दुसरीतलं पोर सात वर्षांचं असतं. "त्याला काही कळत नाही" असं म्हणणाऱ्याने आधी त्याला काही विचारलेलं तरी असतं का?

याहून मोठी हानी दुसरीच आहे, आणि ती मी स्वतः भोगली म्हणून ठणकावून सांगते. या वयातलं मूल जगाचा मध्य स्वतःला धरून चालतं, हे पियाजेने कधीच दाखवून दिलंय. जे घडतं ते आपल्यामुळे घडतं असं त्याला वाटतं. बाबा आजारी पडायच्या थोडं आधी मी लाल फ्रॉकसाठी हट्ट धरला होता. संपाचे दिवस, खिशात दमडी नाही. बाबा ओरडले नाहीत. उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग ते गेले. मग ते आले नाहीत. शेजारच्या मुलांचे बाबा गोण्या घेऊन येत राहिले, माझे आले नाहीत, पत्र नाही, कोणाबरोबर निरोप नाही. मी हिशोब मांडला आणि उत्तर आलं, फ्रॉक.

मरणात जाणाऱ्याचा दोष नसतो. "गावाला गेले" या वाक्यात मात्र बाबा आपल्या पायांनी गेलेले असतात. आपल्या पायांनी गेलेला माणूस मनात आणलं तर परत येऊ शकतो. आला नाही, म्हणजे त्याला यायचं नाही. जो बाप शेवटच्या दिवसांत माझं नाव घेत होता, हे मला तिसाव्या वर्षी कळलं, त्या बापाला माझ्याच माणसांनी माझ्यासाठी पळपुटा करून ठेवलं. याला माया म्हणायचं?

पुढे चौथीत एके दिवशी बाईंनी कसला तरी फॉर्म भरून घेतला. माझ्या फॉर्मवर वडिलांच्या नावाआधी त्यांनी आपल्या हाताने एक अक्षर घातलं आणि पुढे टिंब दिलं. कै. मी शेजारच्या मुलीला विचारलं, हे काय? तिने सांगितलं. तिला कळून चुकलं असेल की मला माहीत नव्हतं, कारण तिने लगेच आपलं खोडरबर मला देऊन टाकलं. घरी जाऊन मी कोणाला काही बोलले नाही. आईला वाईट वाटेल म्हणून. त्या दिवसापासून मी आईला सांभाळू लागले. पुढची कित्येक वर्षं आम्ही दोघी एका खोलीत एकमेकींपासून तीच एक गोष्ट लपवत राहिलो.

जॉन बोल्बी हा इंग्रज डॉक्टर आयुष्यभर याच प्रश्नाला भिडला. तो चार वर्षांचा व्हायच्या सुमारास त्याला सांभाळणारी दाई घर सोडून गेली, आणि ते जाणं आई गमावण्याइतकंच त्याला लागलं होतं. १९५१ मध्ये त्याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातृवियोगावर अहवाल लिहिला. पुढे जवळीक आणि वियोग यांवर तीन खंड लिहिले, शेवटचा १९८० चा. लहान मुलाला खरा शोक होतच नाही, त्याचं मन तेवढं घडलेलंच नसतं, असं त्या काळचे मोठमोठे मनोविश्लेषक मानत. बोल्बी त्यांना आडवा गेला. मूल आधी रडून-ओरडून माणूस परत मागतं, त्याला शोधतं, मग खचतं, आणि शेवटी मन काढून घेतं. हे मन काढून घेणं बाहेरून शहाणपणासारखं दिसतं. "किती समंजस झालीय पोर, बाबांचं नावसुद्धा काढत नाही," असं चाळ माझ्याबद्दल म्हणायची. कशेडीच्या घाटात मी काय करत होते त्याला बोल्बीकडे शब्द होता. शोध. पाच वर्षांची मुलगी आपल्या बापाचा शोक करत होती, आणि सगळ्या गाडीत एकालाही ते ठाऊक नव्हतं.

त्या शेवटच्या खंडात बोल्बी सांगतो, मूल हा घाव पचवू शकतं, पण त्याला काही गोष्टी मिळाल्या पाहिजेत. गेलेल्या माणसाशी त्याचं नातं बरं असावं. काय झालं ते त्याला लवकर आणि खरं सांगावं, हवे तितके प्रश्न विचारू द्यावेत, घराच्या शोकात आणि शेवटच्या विधींत त्याला घ्यावं. आणि जवळ एक भरवशाचं माणूस असावं, उरलेला पालक किंवा त्याची जागा घेणारं दुसरं कोणी. यात कुठे पैसा लागत नाही, औषध लागत नाही. फक्त तोंड उघडावं लागतं.

आपण उलट करतो, आणि त्यातही ढोंग करतो. मुलगी असली की तिला शेजारच्या खोलीत बिस्किटांच्या पुड्याबरोबर कोंडायचं, कारण तिला झेपणार नाही. तेच वय, तेच घर, पण मुलगा असला आणि एकुलता असला तर? मग त्याला सगळं झेपतं. सहा वर्षांच्या पोराच्या हातात मडकं देऊन त्याला तिरडीपुढे चालवतात. भोईवाड्याच्या स्मशानात काका त्याचा हात धरून अग्नी द्यायला लावतात. बाण​गंगेवर न्हावी त्याचं डोकं भादरतो, पिंड मांडतात, सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहतात, आणि त्या पोराला कोणी एका शब्दाने सांगत नाही की त्या कापडात काय होतं आणि या भाताचं काय करायचंय. वर पाठीवर थाप. आता तूच घरातला कर्ता. रडायचं नाही, आईला कोण बघणार? एकीला बघू दिलं नाही, दुसऱ्याला बघायला लावून समजू दिलं नाही. विधी वाईट नाहीत. दहावा-तेरावा माणसाला दिवसा-दिवसाने पटवत नेतो की गेलेला गेला, चार माणसं येतात, रडू येतं, जेवणं होतात. मोठ्यांसाठी एवढी सोय करून ठेवलेल्या समाजाने लहानांना त्या सोयीतून बाहेर का काढलं?

आणि बाहेर काढल्यावर त्यांच्याच अंगावर पुरावा फेकायचा. तेराव्याला मी गॅलरीत लगोरी खेळत होते. एक बाई म्हणाल्या, "बघा, बिचारीला काही कळलेलं नाही." मुलांचा शोक सलग नसतो. ती थोडा वेळ दुःख सोसतात, मग खेळायला पळतात, मग रात्री अंथरुणात पुन्हा. मोठ्यासारखं दिवसभर भिंतीला टेकून बसायची ताकदच त्या वयात नसते.

गेल्या काही वर्षांत दुसरं टोक आलंय, त्याचाही मला तितकाच संताप येतो. कार्यशाळा. पडद्यावर पाच पायऱ्या : नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. अशाच एका ठिकाणी आम्हा शिक्षकांना कागद वाटले आणि आपल्या वर्गातलं आई-बाप गमावलेलं मूल कुठल्या पायरीवर आहे तिथे खूण करायला सांगितलं. मी कागद कोरा परत दिला. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ च्या पुस्तकात या पायऱ्या मांडल्या त्या स्वतः मरायला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे उरलेल्यांच्या, त्यातही मुलांच्या, शोकाचा तो नकाशाच नव्हे. मागे उरलेल्या मुलांकडे खरंच कोणी बघितलं असेल तर विल्यम वर्डेन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी. बॉस्टनच्या बाजूची ७० कुटुंबं, आई किंवा वडील गमावलेली १२५ मुलं, आणि दोन वर्षं पाठपुरावा. बरीच मुलं सावरली. पण काहींचा त्रास पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी वर आला, म्हणजे नातेवाईक आपापल्या घरी परतून बराच काळ लोटल्यावर. सर्वांत जास्त फरक कशाने पडला? उरलेला पालक कसा उभा राहिला त्याने. आणि मुलांनी गेलेल्याला सोडलं नव्हतं. त्याची एखादी वस्तू जपली होती, ती त्याच्याशी बोलत होती, तो आपल्याला बघतोय असं मानत होती. हे सगळं निरोगी. माझ्या घरी मला कळू नये म्हणून बाबांचा फोटो भिंतीवर लावला नाही, गिरणीचा बिल्ला ट्रंकेत तळाशी गेला. जपायला मला काही दिलंच नाही.

"हे गोऱ्यांचं शास्त्र. आपल्याकडे चालत नाही." हे वाक्य मला शिकलेल्या माणसांकडूनच जास्त ऐकू येतं. यातला एक धागा मला मान्य आहे. बोल्बीच्या डोळ्यांपुढचं घर लहान होतं, एक आई आणि तिचं मूल. आमच्या चाळीत काकू, आत्या, पलीकडच्या मावशी, समोरच्या आजी, दहा मांड्या होत्या. बोल्बी ज्या भरवशाच्या माणसासाठी तळमळतो तशी माणसं आम्हाला दारोदार होती. म्हणून तर माझा राग जास्त आहे. एवढी श्रीमंती असून आम्ही त्या दहाही तोंडांना कुलूप घातलं. मी गॅलरीतून चालत गेले की बोलणं थांबायचं. आता चाळी पाडून टॉवर झाले, दार लागलं की लागलं, त्या मांड्या गेल्या. खोटं मात्र चाळीतून निघून लिफ्टने एकविसाव्या मजल्यावर पोचलंय. आणि मुलाला माणूस म्हणून मोजायचं हे आपल्याला गोऱ्यांनी शिकवायची गरज कधीपासून पडली? ताराबाई मोडकांनी दादरला १९३६ साली शिशुविहार काढला. मूल लहान असतं, खोटं नसतं, एवढं त्यांच्या कामातून या मुंबईला तेव्हाच कळायला हवं होतं.

इस्पितळांचंही तेच. परळला हाकेच्या अंतरात केईएम, १९२९ पासूनचं वाडियांचं मुलांचं रुग्णालय आणि टाटा मेमोरियल आहे. देशभरातून माणसं इथे येतात, फुटपाथवर आणि दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत राहतात, आणि त्यातली कित्येक मुलं आई-बापाला शेवटचं न बघता परततात. लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसनने १९५२ साली एक साधा चित्रपट केला. दोन-अडीच वर्षांची मुलगी आठ दिवस इस्पितळात एकटी, आणि तिचा चेहरा दिवसागणिक कसा मिटत जातो, एवढंच. डॉक्टर खवळले. पण १९५९ च्या प्लॅट अहवालाने मुलांच्या वॉर्डांची दारं आई-बापांसाठी उघडायला सांगितलं. दाराच्या पलीकडे मूल असो की बाप, दार तेच असतं. खाली बाकड्यावर बसून खिडक्या मोजणारं मूल मी आजही त्या रस्त्यावर बघते. कोरोनात तर दारच उरलं नाही, प्रेतही दिसलं नाही. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने २०२१ मध्ये पाच लाखांची ठेव ठेवायचं ठरवलं. चांगलं केलं. पण त्या मुलांशी बोलायचं कोणी, हे माझ्या ओळखीच्या घरांतून तरी कोणी ठरवलं नाही. मोठं झाल्यावर सांगू, म्हणाले. मोठं होईपर्यंत ते पोर कुठल्या घाटात उभं असेल याचा विचार नाही.

एक गोष्ट राहिली. संप मिटला नाहीच, विरला, आणि गावाला गेलेले खरे बाबा परत आले. त्यांतले काही गॅलरीत येऊन बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली तर वळायचे नाहीत. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी समोर असून हरवलेल्या माणसांच्या वियोगावर लिहिलंय. माझ्या शेजारच्या मुलांकडे त्या दुःखासाठी ना शब्द होता ना तेरावा. त्यांच्यावर वेगळं लिहीन.

त्या दुसरीतल्या मुलाकडे येते. आत्याची विनंती मी मानली नाही, पण घराला डावलून मी त्याला काही सांगितलंही नाही, ते माझं काम नव्हे. जुलैमध्ये वर्गात पाच ओळी लिहायला दिल्या, "माझी आई". हा विषय मी टाळत नाही. ज्यांची आई नाही त्यांनाही आई असते. वह्या गोळा केल्या, स्टाफरूममध्ये वाचायला बसले. त्याची वही मी दोनदा वाचली आणि संध्याकाळी त्याच्या वडिलांना फोन करून बोलावलं.

ते कामावरून तसेच आले, डब्याची पिशवी हातात. मी वही पुढे केली. पाच ओळी होत्या, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले. माझी आई मला उठवायची. माझी आई चपाती करायची, एक माझ्यासाठी छोटी करायची. माझ्या आईला पाऊस आवडायचा. ती मला हाताला धरून रस्ता ओलांडायची. माझी आई हसायची.

त्यांनी वर बघितलं. "पण त्याला तर आम्ही सांगितलंय की..."

"तुम्ही काय सांगितलंय ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "तुमच्या आधी त्याने क्रियापदं बदललीत. बाकीच्या सगळ्या वह्यांत आई उठवते, करते, हसते."

ते बराच वेळ वहीवर बोट ठेवून उभे होते. मग विचारलं, "कसं सांगू, बाई?"

"आई मेली, असं सांगा. हाच शब्द वापरा. आजाराचं नाव सांगा. तुझ्यामुळे नाही झालं, हे त्याने विचारलं नाही तरी सांगा. तुम्हाला रडू आलं तर येऊ दे, त्याने बघू दे. आणि तिची एखादी वस्तू त्याला द्या, त्याची म्हणून."

मुलगा खाली शिपाईकाकांजवळ बसला होता. खिडकीतून मला दोघं दिसत होते. वडील फाटकाशी थांबले, मग पुन्हा आत वळले आणि पायरीवर बसले, पाऊस भुरभुरत असताना. मुलगा उभाच होता. वडिलांनी बोलायला सुरुवात केली. त्याने मधेच काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि उत्तर दिलं. त्याने पुन्हा विचारलं.